विश्लेषण : गाडगेबाबांनी गावचा रस्ता पायी चालणाऱ्यासाठी कसा मोकळा केला?

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ चिचगड आहे. अशा गावाचा रस्ता सकाळी पाहिला, तर तो कोणाच्या पायाखाली आहे हे लगेच कळते. शाळेची मुले, एसटी धरायला निघालेली माणसे, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, काठी टेकत दवाखान्याकडे जाणारे म्हातारे. तरीही रस्त्याचा विषय निघाला की बोलणे होते ते डांबराचे, सिमेंटचे आणि गाड्यांचे. चालणाऱ्याला पाय कुठे टाकता येईल, हा प्रश्न मागे पडतो. सव्वाशे वर्षांपूर्वी विदर्भातल्याच एका निरक्षर माणसाने नेमका हाच प्रश्न आयुष्यभराचे काम म्हणून हातात घेतला होता. त्याचे नाव सर्वांना माहीत आहे. पण ते आता बहुतेक झाडूपुरतेच उरले आहे.

गाडगेबाबांचा पायी चालण्याशी काय संबंध?

संत गाडगेबाबा म्हटले की स्वच्छता, कीर्तन आणि धर्मशाळा या तीन गोष्टी आठवतात. शाळेच्या पुस्तकात त्या तीन वेगळ्या कामांसारख्या मांडलेल्या असतात. त्यांचा जीवनक्रम नीट पाहिला, तर या तिन्हींच्या मुळाशी एकच माणूस दिसतो, तो म्हणजे वाटसरू. ज्या वाटेने तो येतो ती वाट झाडलेली असावी, नदीत उतरताना त्याचा पाय घसरू नये, रात्री टेकायला त्याला जागा मिळावी आणि ती जागा देताना कोणी त्याची जात विचारू नये. आज नगररचनाकार ज्याला चालण्यायोग्य वस्ती म्हणतात, तिच्या अटी याहून फार वेगळ्या नाहीत.

हे सारे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. आयुष्याची पन्नास वर्षे ते सतत फिरत राहिले, त्यातली बरीच वर्षे पायीच. गावाचा रस्ता त्यांना पायाच्या तळव्याने माहीत होता.

देबूजी कोण होते?

त्यांचे मूळ नाव डेबूजी, म्हणजेच देबूजी, झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. घर परीट समाजाचे. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात गेले, तेव्हा मुलगा लहान होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी माहेरी आली. तिथे मामाच्या घरी गुरे राखत आणि शेतात राबत देबू मोठा झाला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही, पण औत हाकण्यात आणि अंगमेहनतीत त्याची बरोबरी करणारे गावात थोडेच होते.

मामाची चांगली जमीन कर्जाच्या व्यवहारात सावकाराच्या घशात गेली. कागद वाचता न येणाऱ्या घराची काय गत होते, हे देबूजींनी त्या वयात पाहिले. पुढे त्यांच्या कीर्तनात कर्ज, दारू आणि शिक्षण हे विषय पुन्हा पुन्हा येत, त्याचे मूळ इथे आहे.

लग्न कुंताबाईंशी झाले, मुले झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाची पंगत द्यायला हवी होती. देबूजींनी गोडाचे जेवण दिले. जातभाई नाराज झाले. गावातल्या गावात रिवाज मोडणे त्या काळी सोपे नव्हते, आणि ते बळ पुढच्या आयुष्यात त्यांना वारंवार लागणार होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या २९व्या वर्षी, ते घर सोडून निघाले.

घर सोडल्यावर त्यांनी काय केले?

पुढची सुमारे बारा वर्षे ते भटकत राहिले. अंगावर चिंध्या जोडून केलेली गोधडी, एका पायात एक तर दुसऱ्या पायात निराळेच पायताण, एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि एक मातीचे खापर. त्याच खापरात भाकरी मागायची, त्यातच पाणी प्यायचे, ऊन लागले की तेच डोक्यावर. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कुठे ते चिंधेबुवा होते, कुठे गोधडेबुवा.

या वेशाचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. असा माणूस गावात शिरला की गाव त्याच्याशी कसे वागते, हे त्याला वेशीवरच कळते. कुत्री अंगावर येतात, पोरे दगड मारतात, पाटलाच्या ओट्यावर बसू देत नाहीत, विहिरीवर जात विचारतात. परक्या, गरीब, पायी आलेल्या माणसाला गाव कसे आहे, याची परीक्षा बाबा स्वतःच्या अंगावर घेत होते. घोड्यावरून किंवा दमणीतून आलेल्याला ते गाव कधीच दिसले नसते.

वाटेत कोणाची बैलगाडी चिखलात रुतलेली दिसली की ते खांदा लावत. कोणाच्या शेतात कापणी चालली असेल तर हात लावत आणि मालक धान्य द्यायला येईपर्यंत पुढे निघून जात, असे त्यांच्या या वर्षांबद्दल सांगितले जाते.

ऋणमोचनच्या घाटाला इतके महत्त्व का?

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थक्षेत्र आहे. पौष महिन्यात तिथे यात्रा भरते. यात्रेकरू नदीत उतरून स्नान करतात. काठ मातीचा. शेकडो ओली पावले वर-खाली झाली की त्या मातीचा राळा होतो आणि उतार निसरडा बनतो. तरणी माणसे सावरतात. म्हातारे, कडेवर मूल असलेल्या बाया आणि अधू माणसे घसरतात.

हे दृश्य दरवर्षी सगळेच पाहत होते. पुण्य पदरी पडायचे तर इतका त्रास सोसावाच लागतो, अशी समजूत होती. बाबांना हे पटले नाही. त्यांनी कुदळ-फावडे घेतले आणि काठ खणून पायऱ्या करायला सुरुवात केली. एक माणूस खणतो आहे असे पाहून आणखी काही हात लागले. पुढे लोकांच्या मदतीतून १९०८ मध्ये तिथे नदीवर घाट बांधला गेला.

त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातील पहिल्या मोठ्या कामांपैकी हे एक. त्यात देऊळ नाही, मूर्ती नाही. उतारावर पाय टिकावा एवढीच सोय आहे. रस्ता सुरक्षेच्या आजच्या भाषेत सांगायचे तर दोष घसरणाऱ्या माणसात नव्हता, काठात होता, आणि दुरुस्ती काठाची करायची होती. अपघात झाला की चालणाऱ्यालाच सांभाळून चालायला सांगण्याची सवय अजून गेलेली नाही. त्या मानाने १९०८ चा हा विचार बराच पुढचा होता.

ऋणमोचनच्या यात्रेशी त्यांचा संबंध नंतरही तुटला नाही. तिथे जमणाऱ्या अंध आणि अपंग लोकांना ते अन्न-वस्त्र देत. जो धड चालू शकत नाही तोही यात्रेला येतो, त्याचाही विचार व्यवस्थेत असला पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या कामात शेवटपर्यंत दिसते.

गाव झाडण्याची त्यांची पद्धत कशी होती?

बाबा गावात येत, कोणाला काही न सांगता खराटा काढत आणि रस्ता झाडू लागत. गटारे उपसत. काटेकुटे, दगड, फुटकी खापरे बाजूला करत. हे दिवसभर चाले. कोणी बोलावलेले नसे, कोणी मजुरी ठरवलेली नसे. लोक आधी हसत, मग बघत, मग एखादा लाजून घरातून झाडू आणी. संध्याकाळपर्यंत निम्मे गाव कामाला लागलेले असे. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई.

कीर्तन म्हणजे पोथी नव्हे. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरे लोकांकडूनच वदवून घेत. देव कुठे राहतो, कर्ज कोण फेडतो, बकरे कापून कोणाचे भले होते, पोराला शाळेत का घालत नाही, असे साधे प्रश्न. उत्तर देता देता माणूस आपल्याच बोलण्यात सापडे. पुढच्या काळात त्यांच्या कीर्तनाला हजारोंची गर्दी होत असे. कीर्तन संपले की पाया पडायला येणाऱ्यांना ते काठी उगारून दूर ठेवत आणि पहाटे गाव जागे होण्याआधी पुढच्या वाटेला लागत.

झाडलोटीचा आणि चालण्याचा संबंध नीट समजून घ्यायला त्या काळचे गाव डोळ्यांसमोर आणावे लागेल. गावात शिरणारी पांदण आणि वेशीबाहेरची वाट ही बहुतेक गावांची हागणदारी असे. सांडपाणी उघड्यावर वाहत असे. गुरे त्याच वाटेने जात. पावसाळ्यात चार महिने घोटाभर चिखल. बायकांना पहाटे किंवा अंधार पडल्यावर त्याच वाटेला जावे लागे आणि पाण्याच्या खेपाही त्याच वाटेने. अनवाणी पायांना जंत, जखमा ठरलेल्याच. असा रस्ता झाडणे म्हणजे सजावट नव्हती. तो पायी जाण्याजोगा करणे होते.

यात जातीची बाजूही होती. झाडू कोणी धरायचा हे गावात जन्माने ठरलेले होते. परीट घरातला माणूस आपण होऊन झाडू उचलतो आणि पाटील-देशमुखांच्या हातातही तो देतो, तेव्हा रस्ता साफ होतोच, शिवाय रस्ता साफ करणे हे कोणाचे काम, हा प्रश्नही सुटा होतो. हा दुसरा भाग अजून पुरता सुटलेला नाही. गावांत आणि शहरांत सफाईच्या कामावर कोणत्या समाजाची माणसे आहेत, हे पाहिले की पुरे.

या पद्धतीची एक मर्यादाही होती. बाबा पुढच्या गावी गेले की चार दिवसांनी उकिरडा पुन्हा जागेवर येई. एका माणसाच्या खराट्याने गाव कायमचे बदलत नाही, हे त्यांच्या लक्षात आले असावे. कारण १९०८ नंतरच्या त्यांच्या कामात दगड-विटांच्या, मागे उरणाऱ्या गोष्टी वाढत गेलेल्या दिसतात.

रस्ता सगळ्यांसाठी मोकळा होता का?

नव्हता. पंढरपूरचे उदाहरण पुरेसे आहे. आषाढी वारीला आळंदीहून निघालेले वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालत पंढरपूरला पोहोचतात. भजनाच्या दिंडीत चालताना सगळे माउलीच. पण पंढरपुरात पोहोचल्यावर अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या वारकऱ्याला देवळात प्रवेश नव्हता आणि रात्री पाठ टेकायलाही सहजी जागा मिळत नसे. इतके दिवस एकत्र चाललेला माणूस शेवटच्या मुक्कामाला वाळवंटात उघड्यावर. विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

गाडगेबाबांनी त्याआधी तीस वर्षे, १९१७ मध्ये, पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी करायला घेतली. नाव चौदाव्या शतकातील महार संतकवीचे, ज्याला स्वतःला देवळाच्या आत जाता आले नव्हते. ही धर्मशाळा पुढे १९४९ मध्ये बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. दोघांचा एकमेकांवर विश्वास होता. एकाने देव-धर्माची भाषा सोडली नाही, दुसऱ्याने धर्मच बदलला. तरी वाटेत अडवल्या गेलेल्या माणसासाठी जागा हवी आणि त्याच्या मुलांना शाळा हवी, यावर त्यांचे एकमत होते.

स्वतः बाबा पंढरीला जात, पण देवळात जात नसत. वारीच्या दिवसांत चंद्रभागेचे वाळवंट झाडणे हेच त्यांचे दर्शन होते. लाखो माणसे जमतात तिथे शौचाची सोय नाही, तर नदीकाठाचे काय होते, हे सांगायला नको.

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर अशा ठिकाणी त्यांच्या प्रयत्नांतून धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय १९२५ चे. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १९५४ मध्ये धर्मशाळा झाली. गावाकडून आलेला माणूस रुग्णाला खाटेवर ठेवून स्वतः फूटपाथवर झोपतो, हे पाहून केलेली ती सोय होती. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमत. त्यांनी पैशाला हात लावला नाही, ट्रस्ट केले, आणि स्वतःच्या कुटुंबाला या इमारतींत आश्रय दिला नाही. कुंताबाई झोपडीतच राहिल्या. त्यागाची गोष्ट म्हणून हे कौतुकाने सांगितले जाते. कुंताबाईंच्या बाजूने पाहिले तर ते तितके सोपे नाही.

त्याच काळात जगात काय चालले होते?

१९१४ मध्ये स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडेस भारतात आले. १९१९ पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आधुनिक नगररचनेच्या आद्य पुरुषांत त्यांची गणना होते. त्या वेळचे सरकारी अभियंते जुन्या वस्त्या पाडून सरळ, रुंद रस्ते काढायचा आग्रह धरत. गेडेस आधी गल्ल्यांतून पायी फिरत आणि मग सुचवत की सगळे पाडू नका. एखादी पडकी भिंत हटवा, एक झाड लावा, एक चौक मोकळा करा, गल्लीत उजेड आणि माणसे दोन्ही येतील.

होळकरांच्या इंदुरात तर त्यांनी दिवाळीची मिरवणूकच कामाला लावली. जे रस्ते लोक स्वतः झाडून, दुरुस्त करून चांगले ठेवतील त्यांवरून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले आणि शहराने झाडू उचलला. गेडेस आणि गाडगेबाबा यांची भेट झाल्याची नोंद नाही, आणि एकाने दुसऱ्याचे नाव ऐकले असण्याचीही शक्यता कमीच. पण दोघांनी एकच युक्ती वापरली. एकाने मिरवणूक वापरली, दुसऱ्याने कीर्तन. लोक उत्सवाला जिथे जमतात, तिथला रस्ता आधी त्यांच्याच हातून साफ करून घ्यायचा.

शेवटची वर्षे कशी होती?

८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. आश्रमशाळा, वसतिगृहे आणि धर्मशाळांचा पसारा त्यातून पुढे चालला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९५४ मध्ये कराडला सुरू केलेल्या महाविद्यालयाला बाबांचे नाव दिले. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. अक्षर न शिकलेल्या माणसाच्या नावाने महाविद्यालय निघाले, आणि २००५ मध्ये तर अमरावती विद्यापीठालाच त्यांचे नाव मिळाले.

१९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. त्यानंतर प्रकृती ढासळत गेली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्याला पंधरवडाही लोटला नव्हता, तोच २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, गाडगेबाबांनी देह ठेवला. वय ८० वर्षे. मृत्यूही वाटेतच आला. समाधी अमरावतीत आहे. १९७७ च्या देवकीनंदन गोपाला या चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी त्यांची भूमिका केली, आणि आजच्या अनेकांच्या डोळ्यांसमोर बाबांचा जो चेहरा येतो त्यात लागूंचा थोडा अंश असतोच.

त्यांच्या नावाने पुढे काय झाले?

२०००-०१ मध्ये राज्य सरकारने संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले. तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी ते गावोगाव नेले. बक्षिसाच्या चढाओढीने गावे कामाला लागली, शौचालये बांधली गेली, उकिरडे हलले. वेशीवरची हागणदारी अनेक गावांतून हटली, आणि त्याचा सर्वात मोठा फायदा त्या वाटेने चालणाऱ्या बायकांना आणि शाळकरी मुलींना झाला. हे यश लहान नाही.

अभियानाच्या गुणपत्रिकेत भर होता तो स्वच्छतेवर, पाण्यावर आणि शौचालयावर. रस्त्यावरून चालणारा माणूस सुरक्षित आहे का, हा मुद्दा तिथे ठळक नव्हता. तेव्हा त्याची फारशी गरजही वाटली नसेल. गावात मोटारसायकली थोड्या होत्या आणि कच्च्या रस्त्यावर त्या जोरात धावूही शकत नव्हत्या. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत गावचा रस्ता पक्का झाला, चिखल गेला आणि त्याच्या जागी वेग आला.

आज अडचण कुठे आहे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक मरण पावले. त्यांतील ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळपास एक जण पायी चालत होता. त्याने कोणाला धडक दिलेली नव्हती.

गावांत हे कसे घडते, ते कोणत्याही मुख्य रस्त्यावर उभे राहिले की दिसते. जुन्या सिमेंटवर नवे सिमेंट चढते, रस्ता घरांपेक्षा उंच होतो. कडेला उघडी नाली. नालीपलीकडे दुकानाची पायरी, उभी मोटारसायकल, बांधकामाची रेती. समोरून ट्रॅक्टर आला की चालणाऱ्याने कुठे सरकायचे? नालीत, नाहीतर चाकापुढे. बाजाराच्या दिवशी तर रस्ताच बाजार असतो.

चिचगडची गोष्ट याहून वेगळी असायचे कारण नाही. नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्ग देवरीतून जातो आणि तिथून दक्षिणेला चिचगडकडे रस्ता फुटतो. आजूबाजूच्या लहान गावांची माणसे शाळा, बाजार, पोलीस ठाणे अशा कामांसाठी इथे येतात. या जंगलपट्ट्यात मोहफुले आणि तेंदूपानांच्या हंगामात लोक अंधार असतानाच घराबाहेर पडतात, तेही पायी. अरुंद रस्ता, दिवा नाही, अंगावर गडद कपडे आणि मागून भरधाव वाहन, ही सर्वात धोक्याची वेळ असते.

शहरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचा निकष आहे की पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, म्हणजे दोन माणसे किंवा एक चाकाची खुर्ची आणि एक माणूस एकमेकांजवळून जाऊ शकतील. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा वापर हा पादचाऱ्याचा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. गावात पदपथ ही कल्पनाच नसते. तिथे पहिली बाब वेगाची आहे. पादचारी आणि वाहने एकाच जागेत असतील तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्या वेगाला धडक झाली तरी बहुतेक माणसे वाचतात. ५० च्या वेगाला ती शक्यता झपाट्याने कमी होते.

गावाच्या हातात काय आहे?

दिसते त्यापेक्षा जास्त. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार गावातील रस्ते, नाल्या, दिवाबत्ती ही ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांत येतात. कलम ५३ नुसार सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे आणि अतिक्रमणे हटवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. रेतीचा ढिगारा महिनाभर रस्त्यात पडून असेल तर त्यासाठी मुंबईला विचारावे लागत नाही.

उघड्या नालीवर मजबूत झाकण टाकले की तीच नाली चालायची पट्टी होते. गावात हा सर्वात स्वस्त पदपथ आहे, फक्त झाकण मोटारसायकलच्या वजनाने फुटणारे नको. शाळेच्या फाटकासमोर रस्ता ओलांडायची उंचावलेली जागा, एसटी थांब्यापर्यंत दोन दिवे, म्हाताऱ्यांना टेकायला मधे एखादा पार, उन्हाळ्यात सावलीसाठी राखलेले कडुलिंब आणि चिंच. रस्ता रुंद करताना पहिली कुऱ्हाड याच झाडांवर पडते, आणि मग एप्रिलच्या दुपारी दोनशे पावले चालणेही नकोसे होते.

गावातून जाणारा मुख्य रस्ता मात्र बहुधा जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो. तिथे गतिरोधक किंवा फलक ग्रामपंचायतीला परस्पर बसवता येत नाही. नियम सोडून केलेला उंच गतिरोधक रात्री मोटारसायकलवाल्याचा जीव घेतो, म्हणून ते बरोबरच आहे. त्यासाठी ग्रामसभेने ठराव करून संबंधित विभागाकडे मागणी पाठवायची असते. ठरावात जागा नेमकी लिहिलेली असावी, म्हणजे कोणत्या शाळेसमोर, कोणत्या वळणावर, कोणत्या वेळी वर्दळ असते ते. ती जागा ठरवायची तर ग्रामसभेआधी एकदा सकाळी शाळेच्या वेळेला आणि एकदा बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, सरपंच आणि सदस्यांनी तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहावा लागतो. सोबत एखादी म्हातारी आणि शाळेत जाणारे एखादे मूल असेल, तर यादी लवकर तयार होते.